नानांच्या पिस्तुलाची पावती

मी जळगावातल्या पिंप्राळ्याची. वडील दाणाबाजारात हमाली करायचे, आई डाळमिलमध्ये जायची, आणि आमच्या बठ्ठ्या खानदानात बीए झालेली मी पहिली, म्हणून पोलिसात लागले तेव्हा आईनं वर्दी एक दिवस बुद्धाच्या फोटोपुढे ठेवली, मगच घालू दिली.

हत्यारातलं मला काय कळणार? पण काय सांगू तुम्हाला, पहिल्याच वर्षी निवडणूक लागली, निवडणुकीत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात ना, त्याच्या पावत्या माझ्याकडे आल्या, अक्षर चांगलं म्हणून. ठाणं कोणतं ते राहू द्या. नशिराबादचे नाना आले, फौजेतून रिटायर, सराफाच्या दुकानावर पहाऱ्याला. पिस्तूल जुनं, कमरेला घासून घासून पांढरं पडलेलं. वर कोरलं होतं ते माप मी उतरवलं, सात पॉइंट पासष्ट, आणि नंबराचे झिजलेले आकडे सोडून दिले. रांग मोठी, परवाना उलगडलाच नाही.

निकालानंतर नाना न्यायला आले तर परवान्यावर पॉइंट बत्तीस. आमचे रायटर, ठाण्याची लिखापढी बघणारे हवालदार, म्हणाले हे ते हत्यारच नव्हे, खरं कुठं ठेवलं सांगा. सेठनं सोमवारपर्यंत वाट पाहीन म्हटलेलं, पिस्तूल नाही तर पहारा नाही, पण नानांना नोकरीपेक्षा खोटं ठरवल्याचं लागलं होतं. आणि मला शिक्षेचा मेमो दिसत होता.

मग हेडक्वार्टरचे आबा आले, हत्यारं दुरुस्त करणारे हवालदार. रागावले नाहीत, म्हणाले इकडे ये, बघ. रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, खोललं, नळी बाहेर काढली, तर आत न घासलेल्या जागी पूर्ण नंबर, परवान्यावरचाच. मग खिशातून दोन खोटी काडतुसं काढली. एक या पिस्तुलाचं, अमेरिकेत त्याला इंचात पॉइंट बत्तीस म्हणतात, युरोपात मिलिमीटरमध्ये सात पासष्ट, माल तोच. दुसरंही बत्तीसच, पण रिव्हॉल्वरचं, लांब. पहिल्याच्या बुडाची कड जेमतेम नखाला लागते, दुसऱ्याची चांगली बाहेर आलेली, ते यात चालत नाही. अर्धा जळगाव पाटील शे, आबा म्हणाले, म्हणून काय एका घरचे? नुसत्या नावावर जाऊ नको, बूड बघ, नळी वाच.

रायटर खुणावत होते गप्प बस म्हणून, पण मी नानांना सांगितलं, चूक माझी, आणि पावती दुरुस्त करून सही केली, पिस्तूल त्यांच्या हवाली केलं. नाना म्हणाले, माय, तू खरं बोलनी. मेमो मिळाला तो मिळालाच.

तेव्हापासून दर निवडणुकीला नाना माझ्याच रांगेत. आबा रिटायर झाले, ती दोन काडतुसं मला देऊन गेले, नव्या मुलींना मी तीच दाखवते.

यंदा नाना पिस्तूल कायमचं जमा करायला आले, नजर गेली. परवाना स्वतःच उलगडून ठेवला. मी मापाची दोन्ही नावं लिहिली, पूर्ण नंबर लिहिला, वाचून दाखवला. म्हणाले पुन्हा वाच. पुन्हा वाचला. पावती खिशात घातली, निघाले, परत वळले, म्हणाले टोपी काढ जरा. काढली, तेव्हा डोक्यावर हात ठेवला.