नवरीच्या मागे बसणारी बाई

(त्रिनिदादमधलं एक गाव. मशिदीमागच्या खोलीत, पडद्याआड, नवरी झलीना मान खाली घालून बसली आहे. सोबत तिची आजी नझरून नानी आणि बायकांच्या हक्कांसाठी गावोगाव फिरणारी शफीना.)

शफीना : ...पंधरा वर्षांची आहे नानी, तुमची सख्खी नात. आणि तिच्या मागे तुम्ही बसणार?

नानी : मग कोण बसणार? पन्नास वर्षं गावातल्या प्रत्येक नवरीच्या मागे मीच बसतेय. निकाहचा वकील दोन साक्षीदार घेऊन आत येतो, विचारतो, कबूल आहे का? पोरगी गप्प. मग मी मागून मान जरा पुढे ढकलते. झाला होकार!

शफीना : ढकलता?

नानी : अगं, लाजतात पोरी. माझीही आईनं ढकललीच होती.

शफीना : तुम्ही लाजत होतात?

नानी : ...तेरा वर्षांची होते गं. लाज कसली, रडू आवरत नव्हतं.

शफीना : मग हिचं काय?

नानी : हिचा बाप ऐकतोय कुठे? टॅक्सीत कुणा पोराशी बोलताना दिसली, झालं, डोकंच फिरलं त्याचं. कायदासुद्धा त्याच्याच बाजूनं, पंधराव्या वर्षी लग्न चालतं म्हणे.

शफीना : कायदा बदलू. एकोणीस वर्षं तेच तर करतेय. पण हिचा निकाह आज आहे नानी, आणि मान तुमच्या हातात आहे.

नानी : चिवट आहेस बाई! कायदा बदलायच्या अर्जावर सही मागायला आलीस, तेव्हा झाडू घेऊन हाकललं होतं तुला.

शफीना : दोनदा.

नानी : मशिदीत जागा देईनात, तर आंब्याखाली चटई टाकून बायकांना कुराण वाचायला बसवलंस. मी कुंपणाआडून ऐकायचे. तिथंच कळलं, बापानं न विचारता लग्न लावलं म्हणून एक बाई थेट पैगंबरांकडे गेली, आणि त्यांनी निर्णय तिच्यावरच सोडला. सत्तर वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं! शाबास गं तुझी. तोंडावर म्हणायचं तेवढं राहून गेलं.

हनीफ : (दोन साक्षीदारांना घेऊन आत येत) अस्सलामु अलैकुम! चला, चला, बाहेर दोनशे माणसं खोळंबलीत. झलीना बेटी, मी तुझा वकील. हा निकाह तुला कबूल आहे?

नानी : थांब हनीफ. माझे हात बघ. मांडीवर आहेत. आता विचार.

हनीफ : हे काय नवीन, भाभी? गप्प आहे म्हणजे कबूलच की.

शफीना : श्वास तरी घेऊ द्या तिला, चाचा.

झलीना : नाही.

हनीफ : लाजतेय पोर.

झलीना : लाजत नाहीये. मला शाळेत जायचंय. नाही करायचं मला लग्न.

नानी : ऐकलंत ना, साक्षीदारांनो? साक्षीलाच आला होतात ना?

हनीफ : भाभी, नवरा मुलगा बसलाय, पंगतीची ढालपुरी गरम आहे, हिचा बाप माझा जीव घेईल! बाहेर जाऊन सांगू तरी काय?

नानी : सांग, मुलीला विचारलं.