कडीच्या खाली वीतभर

—नाही साहेब, आतली कडी काढायला दोन मिनिटं लागतात, त्याचं काही नाही, आधी चौकट बघू द्या. हे बघा, कडीच्या खाली वीतभर. लाथ इथंच बसलीय, बुटासकट. नाही, मी कुठं काय विचारतोय? घरचा मामला—सगळे हेच म्हणतात. डोकं तापलं, ती उलट बोलली. चाळीस वर्षं सुतारकी केली, मलाही तेच वाटायचं. माझ्या दुकानामागं कॉलेजची एक मुलगी भाड्यानं राहते, समाजशास्त्र शिकते. म्हटलं, ते काय असतं गं? म्हणाली, आजोबा, रोजचंच असतं, फक्त एका घरापुरतं बघायचं नाही. तुम्ही फुटलेली दारं बसवता ना, कुठल्या खोलीची असतात? हसलो मी. मग बसलो आठवत—झोपायच्या खोलीची, बाहेरून आत फुटलेली. ड्रायव्हरच्या घरी तसंच, डॉक्टरांच्या घरीही तसंच. डोकं तापायची कारणं छप्पन्न, लाथ मात्र एकाच जागी. ऑफिसात वरचा माणूस वाट्टेल ते बोलला, तर त्याचं दार फोडता का तुम्ही? नाही ना? म्हणजे कुठं तापायचं ते डोक्याला बरोब्बर कळतं—

ओरडू नका. हातात पटाशी आहे माझ्या, म्हातारा हात, सटकतो.

माझ्या लेकीचं दार तीनदा बसवलं मी. हो, माझ्याच—सांगणार नव्हतो, निघालं तोंडातून. जावई म्हणाले, मामा, आतली कडीच काढून टाका, म्हणजे दार फुटायचं नाही. पटलं मला! माझ्या हातानं काढली, भोकांत भुसा आणि सरस भरला, बोट फिरवलं तरी कळू नये असं. ती शेजारी उभी. म्हणाली, बाबा, राहू दे ना ती. मी म्हटलं, बाईमाणसानं जरा ऐकावं. आठव्या दिवशी फोन आला. दार धडधाकट होतं, साहेब, एक ओरखडा नाही. इस्त्री घातली होती त्यानं तिच्या डोक्यात, चारदा. चेहरा बघवेना, पायाच्या बोटांवरून ओळखली मी तिला.

जुनी काढली ना तुमची? काढली. ही दुसरी बसवली, पोलादी, चार इंची स्क्रू. काढायला मी यायचा नाही.

आणि पोरी, आत बसून ऐकतेस ना सगळं? मी बाहेर जातो, तू आतून दार लोट. सरकव कडी. पुरती सरकव—हं. आता भावाला फोन लाव, तो येईपर्यंत मी इथंच बसलोय, दाराला पाठ लावून.

तुम्ही व्हा पुढं, साहेब. व्हा म्हणतो ना.