कंपनीचा रेडिओ

...आणि वर हा माणूस म्हणतो काय, तर ‘कंपनीचा आहे!’ अहो, कंपनीचा असेल, पण वाजतो कुठे? तुम्हाला सांगतो, मंजुळाने हा प्रश्न आपल्या नवऱ्याला दिवसातून चारदा विचारला, सकाळी अंधेरीच्या बाजाराला निघताना, दुपारी पाटी रिकामी करून आल्यावर, आणि उरलेले दोनदा वाट्टेल तेव्हा. पण अनंता खारदांड्याचा कोळी, त्यात बोटीचा मालक, त्यात नव्याने गाडीचा मालक! तो कशाला ऐकतोय?

गाडी कसली म्हणता? स्पोर्ट्स कार! लाल, बसकी, दोन दारांची, विलायती. अंधेरीच्या एका म्हाताऱ्या पारशी बावाजीच्या कंपाउंडात वीस वर्षं आंब्याखाली उभी होती, मंजुळा त्याच्याकडे पापलेट टाकायची, आणि एक दिवस पाटी उचलायला अनंता सोबत गेला तिथेच वाट लागली. बावाजी म्हणाला, ‘‘डिकरा, बद्धूं ओरिजिनल छे! रेडिओ बी कंपनीचा!’’ बस्स. इंजिन बघितलं नाही, चाकं बघितली नाहीत, मागची सीट बघितली नाही, आणि त्या सीटवर माणूस बसत नाही हो, फार तर एक बऱ्यापैकी सुरमई आडवी राहील! ह्याने फक्त डॅशबोर्डमधला तो रेडिओ बघितला. चकचकीत पट्टी, दोन बटणं, मधे काच. आवाज? आवाजाचं नाव नाही. पण कंपनीचा!

बरं, वाजत नाही तर नाही, गप्प बसावं की नाही? हा माणूस लेकीच्या साखरपुड्यात उभा राहिला. अख्खा खारदांडा बसलेला, समोर वेसाव्याचे व्याही भिकाजी, विहीण पार्वतीबाई मांडीला मांडी लावून, आणि हा छाती काढून सांगतो, ‘‘माझ्या सगुणाची वरात बँडवर निघणार नाय. माझ्या गाडीतून निघणार, आणि गाडीचा कंपनीचा रेडिओ वाजणार! दांड्यापासून वेसाव्यापर्यंत!’’

मंजुळाच्या हातातला पेढा हातातच राहिला. बँडवाला तिथेच बसला होता, त्याने रागारागाने त्याच तारखेला दुसरं लग्न घेतलं. आता आली का पंचाईत? रेडिओ वाजला नाही तर लेकीची वरात मुकी निघणार, मयताला लोक जातात तशी, आणि पार्वतीबाई म्हणजे काय आहे तुम्हाला ठाऊक नाही. ती बाई हळदीच्या जेवणात मीठ कमी पडलं तर तीन पावसाळे बोलते!

मग सुरू झाली दुरुस्ती. पहिली दुरुस्ती अनंताने स्वतः केली. बटण फिरेना. आता बोटीवरचं काही अडलं, सुकलं, कुरकुरलं की आपली माणसं काय करतात? मोरीचं तेल चोपडतात. मोरी म्हणजे तो दात असलेला मासा, त्याच्या काळजाचं तेल, फळ्यांना लावलं की खारं पाणी शिवत नाही. ह्याने अख्खी वाटी रेडिओत ओतली! ‘‘अवो, तो रेडिओ हाय, होडी नाय!’’ मंजुळा ओरडली. ‘‘मंजुळे, तुला काय कळतंय? समुद्राच्या हवेला हाच इलाज.’’ बटण फिरलं, हो, खोटं कशाला बोलू, लोण्यासारखं फिरलं. पण पुढे काय? गाडी तापली की तो वास जो सुटायचा... सांताक्रूझपासून मांजरं मागे लागायची. मी म्हणत नाही, लोक म्हणतात, पार्ल्याच्या सिग्नलला सतरा मांजरं मोजली, त्यातली दोन तर गाडीच्या पुढे धावत होती, लाल दिव्याच्या गाडीपुढे पायलट धावतात तशी!

शेवटी कुणीतरी कुंडलिकचं नाव सांगितलं. कुंडलिक म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला रेडिओवाला, नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, बोलणं एकदम रोखठोक. त्याने रेडिओ उघडला आणि नाक धरून दोन पावलं मागे सरला. ‘‘काका, ह्यात रेडिओ कमी आणि कालवण जास्त आहे.’’ मग म्हणाला, ‘‘हे काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह आता विलायतेतसुद्धा मिळायचे नाहीत. फेकून द्या. जपानी कॅसेट प्लेअर बसवतो, झकास वाजेल.’’

फेकून द्या? अनंता असा पेटला, जणू कुणी त्याच्या बापाला बोटीतून फेकून द्यायला सांगितलं! ‘‘कंपनीचा आहे! हा काढला तर गाडीत राहिलं काय? दुरुस्त कर, लग्नाआधी पायजे!’’ आणि निघून गेला तो थेट समुद्रावर, आठ दिवस बोटीवर. ह्याला म्हणतात पुरुषाची जबाबदारी!

लग्नाला चार दिवस. मंजुळा पाटी डोक्यावर घेऊन चारकोपला पोचली. ‘‘झाला काय रे?’’

‘‘मावशी, आत उंदराचं घरटं निघालं. पिल्लं नव्हती, एवढंच नशीब. हा रेडिओ मेलाय. काकांना सांगा.’’

‘‘तूच सांग.’’

‘‘मी नाय बा. ते मारतील.’’

मंजुळाने कपाळाला हात लावला. कसली गाडी, कसला बावाजी, आणि कसल्या मुहूर्तावर आपण पापलेट घेऊन त्या कंपाउंडात शिरलो! पण डोळ्यासमोर आली सगुणा, मुंडावळ्या बांधलेली, आणि सगळ्या कोळीवाड्यासमोर खाली मान घातलेला तो येडा नवरा. हा माणूस तिला आवडत नव्हता असं नाही हो, तिला फक्त त्याचं काहीही पटत नव्हतं. तिने पाटीतला फडका बाजूला केला आणि आपला ट्रान्झिस्टर काढून टेबलावर ठेवला. बाजारात गिऱ्हाईक नसताना गाणी ऐकायची ना, तो. खवले चिकटलेला, पण आवाज खणखणीत.

‘‘ह्याला त्याच्या पोटात घाल.’’

कुंडलिकने चष्मा वर केला. ‘‘मावशी, डोकं आहे हां तुम्हाला! पण गाडीच्या बॅटरीवर लावला तर जळेल. सेलवरच चालवावा लागेल. आणि बाहेरचं बटण आतल्याला जोडायला दोरी पायजे, बारीक, न तुटणारी.’’

‘‘जाळ्याचा नायलॉन चालेल?’’

‘‘पळेल!’’

झालं. बाहेरून पट्टी, काच, बटणं कंपनीची. आत मंजुळाचा मच्छीबाजार. अनंता बोटीवरून परतला, बटण फिरवलं, आतून गाणं आलं, आणि तो काय म्हणाला असेल? ‘‘बघितलंस? कंपनीचा आहे!’’ मंजुळाने तोंडात पदर कोंबला.

आता वरात. साडेसहाला रेडिओवर लोकगीतं लागतात, तेव्हा निघायचं असा बेत. पण लग्नघरातलं साडेसहा तुम्हाला माहीतच आहे. नवरदेव रामनाथचा फेटा सुटला, मग मामा रुसले, मग मामांची समजूत घालणारे रुसले! सात वाजून गेले. शेवटी रामनाथ पुढे, सगुणा मागे त्या सुरमईच्या जागेवर दुमडून बसलेली, स्टिअरिंगवर अनंता, टोपी तिरकी, भोवती दोन्हीकडची दीडशे माणसं नाचायला कंबर कसून. अनंताने सगळ्यांकडे एकदा नजर टाकली, आणि बटण फिरवलं.

‘‘...अरबी समुद्रात वादळी वाऱ्यांचा इशारा. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. किनाऱ्यावरील होड्या त्वरित सुरक्षित ठिकाणी...’’

तुम्हाला सांगतो, कुणी वाक्य पुरं होऊ दिलं नाही! दीडशे माणसं कोळ्यांची! भिकाजी व्याही धोतर खोचून पळाले, रुसलेले मामा सगळ्यांच्या पुढे, रामनाथ फेट्यासकट पळाला, आणि अनंता? लेकीला गाडीत सोडून, टोपी हवेत, ‘‘माझी बोट!’’ करत बंदराकडे! दोन मिनिटांत गल्ली रिकामी. उरल्या फक्त बायका, लाल गाडी, तो बडबडणारा रेडिओ आणि चार मांजरं.

पार्वतीबाई नवरदेवाच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसल्या. मंजुळा दुसऱ्या बाजूने घुसली. आता ही बोलणार. आता तीन पावसाळे.

‘‘विहीणबाई,’’ पार्वतीबाई म्हणाल्या आणि रेडिओकडे हात नेला, ‘‘काय आवाज गो ह्याचा! आत काय हाय तरी काय?’’

मंजुळाने झटकन त्यांचा हात आपल्या हातात धरला. ‘‘हात नका लावू. गरम होतो तो.’’

पहाटे वारा असा सुटला की माडांनी जमिनीला डोकी टेकली. पण दांड्याची एक होडी गेली नाही, वेसाव्यालाही निरोप वेळेत पोचला होता, तिथलीही एक गेली नाही. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी रेडिओला हळदकुंकू लावलं, भिकाजींनी नारळ फोडला, आणि अनंताची छाती अशी फुगली की त्या गाडीत त्याचं त्याला बसता येईना!

तेव्हापासून दांड्यात होडी लोटायच्या आधी चार माणसं गाडीपाशी येतात. ‘‘अनंताशेट, रेडिओ काय म्हणतोय?’’ वेधशाळा गेली उडत! आणि मंजुळा? मंजुळा बाजारात ‘ट्रान्झिस्टर पाण्यात पडला’ असं सांगते, गाण्यावाचून मासे विकते, आणि दर महिन्याला बर्फाखाली चार नवे सेल लपवून आणते. अनंता जेवून आडवा झाला की गाडीत शिरते, डॅशबोर्डखाली हात घालून चाचपडत जुने काढते, नवे घालते. अंगाला मोरीच्या तेलाचा वास घेऊन घरात येते.

परवा असाच तो भरल्या पोटाने म्हणाला, ‘‘मंजुळे, दोन वर्सं झाली बघ. एकदा तरी हात लावावा लागला काय त्याला?’’

मंजुळाने जुने सेल कमरेच्या पिशवीत आणखी खाली ढकलले.

‘‘कसा लागेल, अवो?’’ ती म्हणाली. ‘‘कंपनीचा हाय ना!’’