मिरचीचा दगड आणि भागाई पीठ

माझं माहेर मुरबाडकडचं, आणि लग्न होऊन मी मोरिवलीत आले ती थेट गिरणीतच, काय सांगू तुम्हाला, अंगाची हळद उतरली नव्हती तर सासरे बोलले, सूनबाई, आजपासून ही चक्की तुझी. माझी बोलले, बरं का.

मग धाकटी जाऊ आली, नंदा. शिकलेली, बोलायला गोड. भाजणी भाजायची मी, दळायची मी, पापण्यांपर्यंत पांढरी मी, आणि ही बाई पंख्याखाली बसून पिशव्या भरायची. पिशवीवर सासूबाईंचं नाव घातलं, भागाई पीठ. आयडिया तिचीच, नाय कशाला बोलू. उल्हासनगरच्या दुकानांत स्वतः फिरली, एका सिंधी सेठने माल उचलला, बोलला, और भेजो भाभी. मग विठ्ठलवाडीला दुसरी गिरणी झाली आणि आता बदलापूरला तिसरी, एवढी मोठी, पीठ नळीतून पिशवीत पडतं. सासूबाईंनाही तिकडेच नेलं, फ्लॅटमध्ये. आणि पिशवीवर फोटो कुणाचा? नंदाचा! हातात परात घेऊन हसतेय. ती परात माझ्या माहेरची आहे हो. अंबरनाथ पश्चिमेला दुकानात गेले ना, की मी ती पिशवी उलटी करून ठेवते. जळतेच मी, खोटं कशाला सांगू.

तर बदलापूरच्या गिरणीत भिंतीवर म्हणे भागाईचा इतिहास रंगवायचा आणि समोर सासऱ्यांच्या चक्कीचा पहिला दगड ठेवायचा. नंदाचा फोन आला, वहिनी, तो दगड द्या ना. मी बोलले, अगं तो चालू आहे, दिवाळीच्या भाजणीचे डबे रांगेत लागलेत, दगड तुला दिला तर लोकांना काय देऊ? मग बोलली, मागे एक पडलाय ना, तो पाठवा. मी बोलले, तो मिरचीच्या चक्कीचा आहे गं, गेल्या उन्हाळ्यात काढलेला. हसली. दगड तो दगड वहिनी, कोण बघतंय?

पाठवला. मला काय!

उद्घाटनाला गेले तर भिंतीवर सासरे होते, नंदा होती, तिन्ही गिरण्या होत्या. मी नव्हते. परत वाचलं, नव्हतेच. दगडाला हार, हळदकुंकू, सगळं. सासूबाईंना धरून आणलं, त्या वाकल्या, कपाळ टेकवलं, आणि जी शिंक सुटली म्हणता, एकावर एक, पदर डोळ्यांना. म्हातारी नाक पुसत बोलली, नंदा, हा मिरचीचा आहे, आपला दगड कुठाय? नंदा माझ्याकडे बघायला लागली.

मी बोलले, आई, तो घरी दळतोय.

म्हातारीने सगळ्यांदेखत माझा हात धरला. बोलली, मग मला घरी ने.

तेव्हापासून इथंच आहेत, ह्या बाकड्यावर बसून दळणाचे डबे आणणाऱ्यांशी भांडतात. परवा नंदा आली, आईंच्या पायाशी बसून रडली, आणि बोलली, वहिनी, भिंतीवर तुमचं नाव घालते. मी बोलले, घाल, आणि माझी परात आणून दे. आणून दिली बिचारीने. देव तिचं भलं करो, चौथी गिरणी होवो, मनापासून बोलते. पण दुकानात गेले की पिशवी मी अजून उलटीच करते.