आवाज करणारा कूलर

कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा आणि आजी उभे होते.

"प्रोसेसर जुना आहे, पण ओव्हरक्लॉक करून जोरात पळवायचाय. बुद्धिबळात त्याची चाल येईपर्यंत माझा डोळा लागतो."

"मग तो तापणार, आजोबा. त्याला गार ठेवायला पाण्यावरचा कूलर घ्या. अजिबात आवाज नाही."

"तोच द्या."

"तो नको. पंख्याचा द्या."

"आजी, पंखा फार घोंघावतो."

"घोंघावू दे."

"अगं, शांतपणे खेळू दे की मला!"

"तुम्ही चाल केलीत की कॉम्प्युटर विचार करतो आणि पंखा घोंघावतो. बराच वेळ घोंघावला नाही, की मी हातातलं टाकून डोकावते. मागे हृदयाचा झटका आला तेव्हा तुम्ही हाक तरी मारली होती का?"

आजोबा दुकानदाराकडे वळले.

"पंख्याचे कुठले आहेत?"

"हा मोठा आहे. गार ठेवेल, पण आवाज..."

"लावून दाखवा. अगं, तू जरा दारापाशी जा. आपलं स्वयंपाकघर तेवढंच लांब आहे."

"गेले."

"आता नळ चालू आहे असं समज. येतोय का ऐकू?"

"येतोय!"

"हाच बांधून द्या."