आईचं गप्प बसणं

राबेह : एक सही, शेख. बास. खाली कब्रस्तानापाशी आपल्या लढणाऱ्यांची गाडी उभी आहे, त्यांना डोंगरात परतायचंय.

शेख लख्दर : तू आधी बैस बघू. आल्यापासून खिडकी ते दार, दार ते खिडकी. काय लिहिलंय कागदावर?

राबेह : सरकारविरुद्धचा हा जिहाद एकूणएक माणसावर फर्ज आहे, धर्मानं घातलेलं कर्तव्य. म्हणजे मग पोराला आईबापाची परवानगी लागत नाही.

शेख लख्दर : सरकार नालायक आहे, कबूल. निवडणूक मोडली, पोरं तुरुंगात कोंबली. पण हा जिहाद नाही रे, हे बंड. त्याचा कायदा वेगळा. आणि परवा चौकीत जखमी शिपायाचा गळा चिरला तुमच्या लोकांनी, ते कुठल्या फर्जात बसतं?

राबेह : सत्तावन साली असल्याच कागदावर तुम्हीच सही केली होतीत ना?

शेख लख्दर : तेव्हा फ्रेंच होते. परका घरात घुसला होता. परवाचा तो शिपाई तर माझ्याकडं कुराण शिकला, तुझ्या शेजारी बसून!

राबेह : माझा मामा त्याच सहीवर गेला.

शेख लख्दर : सतरा वर्षांचा. आईला न विचारता. शहीद झाला, चांगलं झालं. पण तुझ्या आजीनं मरेपर्यंत दाराला कडी लावली नाही. ते मी बघत होतो, रोज.

राबेह : म्हणजे सही नाही?

शेख लख्दर : खरं सांग, परवानगीवाचून किती पोरं अडलीत?

राबेह : ...एक. वरचे म्हणतात, विधवेचा एकुलता एक आहेस, शेखचा कागद आण, मग घेतो.

शेख लख्दर : अच्छा. आईला विचारलंस?

राबेह : तीनदा. गप्प बसली. तुम्हीच शिकवलंत, गप्प बसणं म्हणजे होकार.

शेख लख्दर : गाढवा! ते लग्न ठरताना मुलीचं! ती लाजते म्हणून! दहा वर्षं शिकवलं, आणि तू आईला नवरी करून मोकळा झालास?

(दार वाजतं. राबेहची आई झुलीखा भाकरी घेऊन आत येते.)

राबेह : यम्मा? तू इथं कशी?

झुलीखा : दर गुरुवारी शेखना भाकरी आणते, विसरलास? खालच्या गाडीतल्यांनी मला वळून बघितलं. तेव्हाच कळलं, तू वर असशील.

शेख लख्दर : बरी आलीस. सांग याला, तीनदा गप्प का बसलीस?

झुलीखा : भीतीनं. 'नाही' म्हणाले आणि हा तरी गेला, तर आईचा शब्द मोडून मेला असं व्हायचं. निदान अल्लाहसमोर तरी याचे हाल नकोत, म्हणून तोंड शिवून बसले. पण आता विचार, राबेह. चौथ्यांदा. शेखच्या समोर.

राबेह : नाही विचारत.

झुलीखा : का रे?

राबेह : आता तू सांगशील.

शेख लख्दर : मग जा, त्यांना सांग, म्हाताऱ्यानं सही केली नाही.

राबेह : ते तुम्हाला सोडतील का?

शेख लख्दर : एक केलेली सही मानेवर आहेच. ही न केलेली असू दे.

झुलीखा : दोघंही बसा. गाडीपाशी मी जाते, 'नाही' मीच सांगते त्यांना. मी विधवा बाई, मला कुणाची परवानगी लागत नाही. भाकरी खाऊन घ्या, गार होईल.