पुढच्या चाकाचे बेअरिंग

मी, मला सगळे सायकलवाले काका म्हणतात, वय ६१ वर्षे, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार उताराच्या रस्त्यावर, दुकानामागची खोली. कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील ठिकाणी मी चौतीस वर्षे दुकान चालवतो. उतारावर ट्रकखाली सापडून मयत झालेल्या नर्सताई माझ्याकडेच सायकल दुरुस्तीला आणत. अपघाताच्या एकोणीस दिवस आधी सकाळी साडेसातला त्या आल्या. पुढचे चाक खरखर करत होते. मी त्यांना दोन प्रकार दाखवले. सुटे छर्रे घातले तर दर तीन महिन्यांनी खोलून ग्रीस भरावे लागते, पण बिघडण्याआधी ते कुरकुरतात. बंद बेअरिंगकडे बघावे लागत नाही. त्या म्हणाल्या, "काका, वॉर्डात दिवसभर कण्हणं, घरी आईचा खोकला. सायकल तरी गप्प असू दे." मी बंद बेअरिंग घेतले.

ते प्रेसने सरळ दाबून बसवायचे असते. माझ्या प्रेसचा स्क्रू अडकला होता. त्यांची ड्यूटी आठची होती. मी हातोडीने ठोकून बसवले. चाक फिरवून दाखवले. त्या म्हणाल्या, "लोण्यासारखं फिरतंय हो!" बसवताना माझ्याकडून चूक झाली.

ट्रकवाला अटकेत आहे. बाई एकदम आडव्या आल्या, असे तो पहिल्यापासून सांगतो. कोणी ऐकले नाही. मीही त्याला चार शिव्या घातल्या.

परवा सकाळी नर्सताईंच्या आई ती सायकल ढकलत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "चालती करा. धाकटी आता हीच वापरेल. बेअरिंग तेच टाका, फार आवडलं होतं तिला." मी हो म्हणालो. त्या गेल्यावर चाक खोलले. बेअरिंग तिरके बसलेले होते, एका बाजूने घासून चकचकीत झाले होते, आतले छर्रे फुटले होते. धडकेने लोखंड असे चकाकत नाही. त्याला दिवस लागतात. असे चाक न कुरकुरता चालता चालता एकदम अडकते आणि सायकल आडवी जाते.

त्या दिवशी दुकानात एखादे चाक आवाज न करता फिरले की मी हात लावून थांबवत होतो. काल दुकान उघडले नाही. बेअरिंग रुमालात बांधून आणले आहे, ते हजर करतो. आईंना अजून सांगितलेले नाही. इथून तिकडेच जाणार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'चूक झाली असावी' असे उतरले होते. 'असावी' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला असून तिथे माझी सही आहे. बाकी मी बोललो तसेच आहे.